निष्ठा फक्त खेळाडूनेच दाखवायची का?

‘पैसा आला आणि कॉलेजच्या खेळाची रया गेली.’ अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांचे चाहते गेली चार-पाच वर्षे हे एकच वाक्य घोकत आहेत. खेळाडू भाडोत्री झाले, दरवर्षी संघ बदलू लागले, विद्यापीठाच्या रंगांशी त्यांना काही देणेघेणे उरले नाही, आमच्या काळी असे नव्हते, वगैरे. तक्रार करणाऱ्यांत तिथले गोरे आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आणि एमएस करायला जाऊन पदवीबरोबर तिथला संघही आपलासा केलेले मराठी इंजिनिअर आहेत.

या तक्रारीत मुळातच एक लबाडी आहे. कॉलेजच्या खेळात पैसा ‘आला’ नाही, तो आधीपासूनच तिथे होता. प्रशिक्षकाकडे होता, टीव्ही कंपन्यांकडे होता, बूट आणि जर्सी विकणाऱ्यांकडे होता, विद्यापीठाच्या क्रीडा खात्याकडे होता. नवीन घडले ते इतकेच, की त्यातला काही हिस्सा प्रत्यक्ष मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या पोराच्या खिशात जाऊ लागला. आणि नेमके तेव्हाच चाहत्यांना खेळाचे पावित्र्य आठवले.

मी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीएलएचे, अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलचे संघ गेली अनेक वर्षे सोलापुरात बसून पाहतो. तिथे शनिवारी संध्याकाळी सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी सकाळच्या चहाला येतो. त्यामुळे पुढे जे म्हणणार आहे ते बाहेरच्याचे प्रवचन समजू नये. हे एका चाहत्याचे बाकीच्या चाहत्यांशी भांडण आहे.

विद्यापीठाचा संघ म्हणजे काय?

आपल्याकडच्या वाचकाला आधी या प्रकरणाचा आकार समजणे अवघड जाते. आपल्याकडेही विद्यापीठांचे संघ असतात. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक एकेकाळी मोठ्या मानाचा होता, त्यातून कसोटीपटू निघाले. पण शिवाजी विद्यापीठाचा कबड्डी संघ खेळतो म्हणून कोल्हापूर बंद पडत नाही. विद्यापीठाच्या संघाला प्रायोजक, टीव्ही, तिकीट, जर्सी यातले काही नसते. खेळाडूला प्रवासभत्ता वेळेवर मिळाला तरी तो नशीबवान.

अमेरिकेत हे उलटे आहे. तिथला अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा खेळ, आणि बास्केटबॉल हे दोन्ही विद्यापीठांच्या नावाने चालणारे अवाढव्य धंदे आहेत. बहुतांश राज्यांत सरकारी तिजोरीतून किंवा सरकारी संस्थेकडून सर्वाधिक पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, कुलगुरू नसतो, तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. हे सगळे खेळ चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिने मार्च महिन्यात होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले. २०१६ मध्ये तोच करार ८.८ अब्ज डॉलर आणखी घेऊन २०३२ पर्यंत वाढवला.

यूसीएलएचेच उदाहरण घ्या. २०१६ मध्ये अंडर आर्मर या कंपनीने या विद्यापीठाशी १५ वर्षांचा २८ कोटी डॉलरचा करार केला. कॉलेज खेळातला तो तोवरचा सर्वांत मोठा करार होता. खेळाडूंनी कोणते बूट घालायचे, छातीवर कुणाचे चिन्ह मिरवायचे हे त्यात ठरले. ज्यांच्या छातीवर ते चिन्ह होते त्यांना त्यातून एक डॉलर घेण्याची परवानगी नव्हती. घेतला असता तर ते ‘भ्रष्ट’ ठरले असते. २०२० मध्ये कंपनीने करार मोडला, विद्यापीठ न्यायालयात गेले आणि तडजोडीत कोट्यवधी डॉलर घेऊन परतले. त्यावर कुठल्या चाहत्याने पावित्र्याचा प्रश्न काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एका शब्दाची करामत

खेळाडूला काही न देण्याचा हा सारा डोलारा एका शब्दावर उभा होता : ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला किती सात्त्विक! पण हा शब्द कुठल्या शिक्षणतज्ज्ञाच्या टेबलावर जन्मला नाही, तो वकिलांच्या बैठकीतून आला.

१९५० च्या दशकात जखमी झालेले खेळाडू आणि मृत खेळाडूंची कुटुंबे कामगारांप्रमाणे नुकसानभरपाई मागू लागली होती. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाईचा दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही! याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द सगळ्या नियमांत आणि पत्रकांत पेरला गेला. खेळाडूला कुणी चुकूनही कर्मचारी म्हणू नये हा त्याचा हेतू होता. हा आरोप कुणा डाव्या प्राध्यापकाचा नाही. एनसीएएचा कारभार तीन दशकांहून अधिक काळ हाकणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून त्याची कबुली दिली.

त्याच १९९५ सालची गोष्ट आहे. यूसीएलएच्या फुटबॉल संघात डॉनी एडवर्ड्स हा देशातल्या उत्तम लाइनबॅकरपैकी एक खेळत होता. आपल्याकडे खायची चणचण आहे असे तो एका रेडिओ मुलाखतीत बोलून गेला. त्यानंतर कुणीतरी त्याच्या दाराशी किराणा सामान ठेवून गेले. एनसीएएने काय करावे? किराणा घेतल्याबद्दल त्याला निलंबित केले. ज्या वेळी पिठा-दुधासाठी त्याची चौकशी चालू होती, त्याच वेळी विद्यापीठाच्या दुकानात त्याच्या क्रमांकाची जर्सी विक्रीला टांगलेली होती.

त्याचा एक संघसहकारी हे सगळे पाहत होता. रमोगी ह्युमा त्याचे नाव. त्याने पुढे २००१ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली, आणि आज कॉलेज खेळाडूंच्या हक्कांची जी काही भाषा अमेरिकेत बोलली जाते, तिचा एक मोठा झरा यूसीएलएच्या याच ड्रेसिंग रूममधून निघालेला आहे. माझ्या मते या विद्यापीठाच्या चाहत्याने सर्वांत जास्त अभिमान कशाचा बाळगावा, तर याचा. पण बहुतेकांना ह्युमा हे नावही ठाऊक नसते.

सुवर्णयुगाचा हिशोब

‘आमच्या काळी असे नव्हते’ म्हणणाऱ्या यूसीएलएच्या चाहत्याच्या डोळ्यांसमोर एकच काळ असतो. प्रशिक्षक जॉन वुडन यांचा. १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत बास्केटबॉलची दहा विजेतेपदे, सलग ८८ सामन्यांची विजयमालिका. वुडन स्वतः साधे राहणारे, मोजका पगार घेणारे गृहस्थ होते, यात शंका नाही. पण त्या सुवर्णयुगातही पैसा होता. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक खेळाडूंचा ‘गॉडफादर’ बनून त्यांना भेटवस्तू आणि सवलती पुरवत होता. हे उघड गुपित होते. शेवटी १९८१ मध्ये एनसीएएने विद्यापीठावर कारवाई केली, गिल्बर्टशी संबंध तोडायला लावले आणि १९८० मधले उपविजेतेपद नोंदवहीतून पुसून टाकले. म्हणजे पैसा तेव्हाही खेळाडूपर्यंत पोचत होता. फरक इतकाच, की तो चोरवाटेने, कुणा शेठच्या मेहरबानीने येत होता. आज तो करारावर सही करून येतो. यातले जास्त प्रामाणिक काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्या काळाचा सर्वांत मोठा नायक होता लू अल्सिंडर. १९६५ मध्ये नव्या कोऱ्या पॉली पॅव्हेलियनमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांनी गतविजेत्या मुख्य संघाला ७५-६० असे हरवले, ते या सव्वासात फुटी पोराच्या जोरावर. तीन मोसम, तीन विजेतेपदे, ९० पैकी फक्त दोन पराभव. त्याला आवरता येईना म्हणून १९६७ मध्ये एनसीएएने ‘डंक’ करण्यावरच बंदी घातली, ती १९७६ पर्यंत टिकली. पराभवांपैकी पहिला १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टनमध्ये, ५२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर आणि देशभरच्या टीव्हीवर. डोळ्याला दुखापत झालेली असतानाही तो खेळला. कॉलेज बास्केटबॉल हा टीव्हीचा माल होऊ शकतो हे त्या रात्री धंदेवाल्यांना उमगले. तो माल ज्याने विकून दिला, त्याचा खिसा मात्र रिकामाच होता. २०१४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्याने त्या दिवसांतल्या आपल्या कडकीचे वर्णन केले आणि कॉलेज खेळाडूंच्या युनियनची बाजू उघडपणे घेतली.

मात्र लेखावर सही लू अल्सिंडर अशी नव्हती. १९६८ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थी असतानाच, त्यांनी कलमा पढून इस्लाम स्वीकारला होता. जगाला ते १९७१ पासून करीम अब्दुल-जब्बार या नावाने ठाऊक आहेत. त्याच १९६८ मध्ये, कृष्णवर्णीयांना दुय्यम वागवणाऱ्या देशासाठी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये खेळणार नाही असे त्यांनी ठरवले. टीव्हीवरील मुलाखतीत हा आपला देश वाटत नाही असे ते बोलले, तर समोरच्या सूत्रसंचालकाने मग देश सोडून जावे असा सल्ला दिला. ‘पाकिस्तानात जा’ हे वाक्य ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ऐकले आहे त्या वाचकांना यावर भाष्य करून सांगायची गरज नाही.

इथे चाहत्यांच्या मानसिकतेचा एक धडा आहे. पोरगा बास्केट टाकत होता तोवर तो ‘आमचा’ होता. ज्या दिवशी त्याने स्वतःचे मत, स्वतःचे नाव, स्वतःचा धर्म निवडला त्या दिवशी तो ‘कृतघ्न’ झाला. विद्यापीठाने तुला सगळे दिले आणि तू असे पांग फेडतोस? आज पैसे मागणाऱ्या खेळाडूला जो टोमणा ऐकावा लागतो, त्याची चाल अगदी तीच आहे. अमेरिकन लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा जो वाटा आहे त्याच्या कितीतरी पट त्यांचे प्रमाण या दोन खेळांत आहे, हे लक्षात घेतले की टोमण्याचा रोख कळतो.

व्हिडिओ गेममधला डावखुरा

या सगळ्याला तडा दिला तोही यूसीएलएच्याच खेळाडूने. १९९५ च्या अंतिम सामन्यात एड ओ’बॅननने आर्कान्साविरुद्ध ३० गुण आणि १७ रिबाउंड करून विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिले. वुडन यांच्यानंतरचे ते पहिले. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये त्याचा जम बसला नाही. तो लास व्हेगासजवळ मोटारगाड्या विकू लागला. एके दिवशी मित्राच्या घरी मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावर यूसीएलएचा संघ, त्यात ३१ क्रमांकाचा डावखुरा, टक्कल केलेला उंच खेळाडू. तो स्वतःच होता! फक्त नाव नव्हते. नाव टाकले असते तर विचारावे लागले असते.

२००९ मध्ये त्याने दावा लावला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएचे नियम स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावू देणारा कायदा केला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या संघांना स्पर्धांतून काढून टाकू अशी धमकीवजा भाषा एनसीएएने केली. जून २०२१ मध्ये आल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एकमुखी निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. ज्या न्यायालयात नऊ न्यायमूर्तींचे कशावरही एकमत होत नाही, तिथे यावर झाले. पुढच्याच महिन्यात खेळाडूंना जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. आणि जून २०२५ मध्ये पुन्हा विल्केन यांनीच मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना १० वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे ठरले, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंतचा वाटा खेळाडूंना थेट देता येऊ लागला.

यातली मधली चार वर्षे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. २०२१ ते २०२५ या काळात विद्यापीठांनी पदरचा पगार दिला नाही. त्यांनी चाहत्यांना पुढे केले. ‘कलेक्टिव्ह’ नावाचे वर्गणीमंडळ काढा, पैसे गोळा करा आणि खेळाडूंना द्या. म्हणजे तिकीट चाहत्याने काढायचे, टीव्हीची वर्गणी चाहत्याने भरायची, जर्सी चाहत्याने विकत घ्यायची, आणि खेळाडूचा मेहनतानाही चाहत्यानेच द्यायचा! मधला सगळा गल्ला मात्र विद्यापीठाचा. चाहत्याने खरे तर इथे विद्यापीठाची कॉलर धरायला हवी होती. त्याने पोराची धरली.

कोण कुणाशी एकनिष्ठ?

आता निष्ठेचा हिशोब मांडू. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूसीएलएच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक चिप केली संघ सोडून ओहायो स्टेटमध्ये गेले, तेही सहायक म्हणून. त्यांच्या भरवशावर आलेली पोरे वाऱ्यावर. चाहते थोडे कुरकुरले, बरेचसे सुटलो म्हणाले, विषय संपला. त्यांच्या जागी विद्यापीठाने डिशॉन फॉस्टर यांना आणले. ते याच संघाचे माजी खेळाडू, अंगात निळे-सोनेरी रक्त असलेले. निष्ठेचे बक्षीस काय? दुसऱ्या मोसमात पहिले तीन सामने हरताच सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना नारळ दिला गेला. त्याआधी २०१७ मध्ये जिम मोरा यांना काढताना करारापोटी सुमारे १.२ कोटी डॉलर मोजावे लागले होते. काम न करण्याबद्दल एवढे पैसे मिळतात, आणि काम करण्याबद्दल खेळाडूला तेव्हा काही मिळत नव्हते.

उलट बाजूला निको इयामलियावा हा विशीतला क्वार्टरबॅक. टेनेसी विद्यापीठाला त्याने २०२४ मध्ये राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत नेले. एप्रिल २०२५ मध्ये मानधनाच्या बोलणीवरून फिसकटल्याच्या बातम्या आल्या आणि तो आपल्या मूळ गावाजवळ, यूसीएलएत आला. त्याच्यावर जी टीका झाली ती केली यांच्या वाट्याला आलेल्या कुरकुरीच्या शंभर पट होती. लोभी, बिघडलेला, संघभावना नसलेला. प्रशिक्षकाने करार सोडला तर ती ‘करिअरची संधी’, खेळाडूने सोडला तर ती ‘बेइमानी’. असा हा दुटप्पीपणा.

आणि खुद्द विद्यापीठ? पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या गटात यूसीएलए अनेक दशके खेळले. शेजारी स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगन. चाहता गाडी काढून सामन्याला जाऊ शकत होता. जून २०२२ मध्ये शेजारच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर यूसीएलएने बिग टेन गटात जाण्याची घोषणा केली. कारण उघड होते, टीव्हीचा पैसा. २०२४ पासून लॉस एंजेलिसच्या पोरांना जवळपास चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीतील रटगर्सविरुद्ध ‘गटातला’ सामना खेळायला जावे लागते. फुटबॉल निदान आठवड्यातून एकदा असतो, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलच्या मुला-मुलींचे हाल विचारू नका. ज्यांना आपण ‘आधी विद्यार्थी’ म्हणतो त्यांचे वर्ग बुडवून हा प्रवास होतो. शतकाहून जुना गट दोन वर्षांत कोसळला. तिथे परंपरेचा, शेजारधर्माचा, निष्ठेचा प्रश्न कुणाला पडला?

फुटबॉल संघ १९८२ पासून पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर खेळतो. करार २०४४ पर्यंतचा. तरी विद्यापीठ दुसऱ्या, नव्या चकचकीत स्टेडियमकडे पाहू लागले, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये पासाडेना शहराला न्यायालयात जावे लागले. जी संस्था लेखी करारावर टिकत नाही तिने १९ वर्षांच्या पोराला निष्ठेचे धडे द्यावेत, यासारखा विनोद नाही.

‘पण शिष्यवृत्ती मिळते ना?’

मिळते. यूसीएलएसारख्या विद्यापीठात फुकट शिकायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही. पण १९७३ पासून २०१२ पर्यंत एनसीएएच्या नियमानुसार ही शिष्यवृत्ती एका वर्षापुरतीच असे. दरवर्षी नूतनीकरण. प्रशिक्षकाला दुसरा चांगला पोरगा सापडला, किंवा तुमचा गुडघा गेला, की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळेल याची खात्री नाही. चार वर्षांची बांधिलकी हवी होती तर ती आधी विद्यापीठाने द्यायला हवी होती. आणि सुरक्षिततेचे म्हणाल तर जून २०२०, कोविडचा काळ. यूसीएलएच्या ३० फुटबॉलपटूंनी सही करून मागणी केली की आमच्या आरोग्याची काळजी घ्यायला बाहेरचा तटस्थ माणूस नेमा, कारण विद्यापीठ आमचे हित पाहील यावर आमचा विश्वास नाही. हे ज्यांना ‘कुटुंब’ म्हटले जाते त्या पोरांचे शब्द आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणे, जिम्नॅस्टिक्स, वॉटरपोलो, मुलींचे संघ चालतात; यूसीएलएची शंभराहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे बरीचशी याच खेळांतली आहेत; खेळाडूंना पैसे दिले तर हे संघ मरतील. ही भीती खोटी नाही. २०२५ च्या तडजोडीतला बहुतांश पैसा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, म्हणून काही महिला खेळाडूंनी अपीलही केले आहे. त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. पण प्रश्न असा की पोहण्याचा तलाव चालवायचा खर्च नेहमी त्या कृष्णवर्णीय पोराच्या मजुरीतूनच का वळता करायचा? प्रशिक्षकाच्या कोट्यवधींच्या पगारातून, काढलेल्या प्रशिक्षकाच्या भरपाईतून का नाही? कात्री नेहमी खालच्या टोकालाच का लागते?

तिसरा आक्षेप सगळ्या चाहत्यांच्या मनातला. पोरे टिकत नाहीत, ओळख होईपर्यंत निघून जातात. हे दुःख मलाही आहे. एखादा पोरगा पहिल्या वर्षी अडखळत खेळताना पाहावा आणि चौथ्या वर्षी त्यानेच सामना जिंकून द्यावा, यासारखे सुख या चाहतेपणात दुसरे नाही. पण याचा इलाज काय? ज्याला कामगार टिकवायचा असतो तो त्याच्याशी काही वर्षांचा रीतसर करार करतो, दोन्ही बाजूंना बांधणारा. त्यासाठी खेळाडूला कर्मचारी मानावे लागेल, त्याच्या युनियनशी टेबलावर बसावे लागेल. आणि नेमके तेच विद्यापीठांना नको आहे. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये ह्युमा यांच्याच मदतीने युनियनचा प्रयत्न केला, २०१५ मध्ये तो मोडीत निघाला. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा कौल दिला, कॉलेजने बोलणी करायलाच नकार दिला, आणि वर्षाअखेरीस पोरांना अर्ज मागे घ्यावा लागला. उलट २०२५ मध्ये ‘स्कोअर अ‍ॅक्ट’ नावाचे विधेयक संसदेत आले. खेळाडू कर्मचारी नाहीत असे कायद्यानेच ठरवा आणि एनसीएएला खटल्यांपासून संरक्षण द्या, हा त्याचा मथितार्थ.

म्हणजे ज्या अनागोंदीबद्दल चाहता रडतो, ती खेळाडूला पैसा मिळाल्यामुळे आलेली नाही. पैसा द्यावा लागला, पण हक्क द्यायचे नाहीत, या विद्यापीठांच्या हट्टातून ती आली आहे. २.०५ कोटींची मर्यादासुद्धा खेळाडूंशी बसून ठरलेली नाही.

चाहत्याने करायचे काय?

संघावर प्रेम करणे सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. संघावरचे प्रेम ही माणसाच्या आयुष्यातली निरुपद्रवी आणि गोड गोष्ट आहे. परदेशात एकट्या पडलेल्या आपल्या पोरांना तर त्या निळ्या जर्सीने माणसे मिळवून दिली आहेत, ते मी जाणतो.

पण संघ म्हणजे कोण, हे एकदा ठरवा. संघ म्हणजे क्रीडा खात्याचा संचालक नाही, बिग टेनचे कार्यालय नाही, टीव्ही कंपनी नाही. संघ म्हणजे त्या वर्षी त्या मैदानावर उतरलेली पोरे. प्रेम त्यांच्यावर असेल तर त्यांच्या मजुरीवर डोळा कशाला? वर्गणी द्यायची तर द्या, पण विद्यापीठाला विचारा की तुमचा वाटा कुठे आहे. माजी विद्यार्थी म्हणून देणगीचे पत्र आले की उलट पत्र लिहा : खेळाडूंच्या युनियनशी बोलणी केव्हा सुरू करणार, दुखापत झालेल्या खेळाडूचा उपचार पदवीनंतरही कोण करणार, फुटबॉलचा करार वाढताना मुलींच्या संघांचा वाटा किती वाढला. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. विद्यापीठ सरकारी आहे, तो तिथे कर भरतो, आणि बऱ्याच जणांनी तिथेच पुरेपूर फी भरून पदवी घेतली आहे.

आणि एखादा पोरगा जास्त पैशासाठी दुसरीकडे गेला, तर त्याला शिव्या घालण्याआधी आपण स्वतः किती कंपन्या बदलल्या ते मोजावे. पॅकेज वाढले म्हणून पुण्यातून बंगळूरला आणि तिथून सॅन होजेला गेलेल्या माणसाने वीस वर्षांच्या पोराला निष्ठा शिकवू नये. त्या पोराकडे कमावण्याची तीन-चार वर्षे असतात, आणि एका चुकीच्या धडकेत तीही संपतात.